अर्धा चमचा लिंबाचा रस: एका पाककृतीच्या श्रेयाचं प्रकरण

या प्रकरणातल्या दोघींनी ते लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, मापं आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

पार्श्वभूमी

लेखिका सात-आठ वर्षांपासून पाककृती लिहिते आहे. नोकरी वेगळ्याच क्षेत्रातली. स्वयंपाक आवडीचा, आणि लिहिण्याची हातोटी अशी की वाचता वाचता ओट्यापाशी उभं असल्यासारखं वाटावं. मी तिची मैत्रीण. पाककृतींच्या मजकुराचं संपादन हे माझं काम. त्यामुळे अडचण आली तेव्हा तिने पहिला फोन मला केला. या सगळ्यात मी फक्त सल्ला देणारी होते असं म्हणता येणार नाही, कारण यातली सगळ्यात मोठी चूक आम्हा दोघींची मिळून झाली.

तिच्या लेखनातली वाचकांची आवडती मालिका म्हणजे आत्याच्या वहीतल्या कृती. वही खरी आहे, मी ती हाताळली आहे. जाड पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, काही पानं सुटून रबराने बांधलेली. अक्षर सुरेख. प्रत्येक लेखाची सुरुवात आत्याच्या आठवणीने व्हायची, मग कृती, मग फोटो.

ज्या लेखावरून प्रकरण घडलं त्यात टोमॅटोची प्युरी काचेच्या बरण्यांमध्ये भरून टिकवायची कृती होती. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, आटवायचे, गरम बरण्यांत भरून झाकण लावायचं आणि त्या बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवायच्या. प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बरणीत ‘अर्धा मोठा चमचा ताज्या लिंबाचा रस’. प्युरी वर्षभर टिकते, असं लिहिलं होतं. आमच्या घरात तीन पिढ्या ती अशीच होते, असंही लिहिलं होतं. बरण्यांबद्दल दोन वाक्यं होती: झाकण छान बसतं, मला याच आवडतात.

दोन पत्रं

एकाच सोमवारी तिला दोन वाचकांची पत्रं आली.

पहिल्या पत्रासोबत एका जुन्या, आता छापून न येणाऱ्या पाककृतीच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो होता. टोमॅटो सोलण्यापासून आटवण्यापर्यंतची सलग सात वाक्यं लेखातल्या वाक्यांशी शब्दशः जुळत होती. गर किती दाट व्हावा हे सांगणारी उपमासुद्धा तीच. पत्राचा सूर सभ्य होता, पण शेवटचा प्रश्न सरळ होता: हे आत्याचं कसं?

दुसरं पत्र साधं होतं. या वाचक बाईंनी लेख वाचून सहा बरण्या भरून ठेवल्या होत्या आणि आणखी भरायच्या होत्या. लिंबाऐवजी व्हिनेगर चालेल का, चालत असेल तर किती, आणि लिंबाचं हे प्रमाण कुठून घेतलं आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पहिल्या पत्राने लेखिका हादरली. दुसऱ्या पत्राला तिने दहा मिनिटांत उत्तर पाठवलं: चालेल, चवीप्रमाणे घाला.

हा या प्रकरणातला पहिला निर्णय. तो निर्णय आहे हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आलं नाही. नाव धोक्यात आणणारं पत्र मोठं वाटलं आणि मापाबद्दलचं नेहमीचं वाटलं. खरं तर दोन्ही पत्रांत एकच प्रश्न होता: हे कुठून आलं?

पहिल्या संध्याकाळचे पर्याय

फोनवर तिने तीन गोष्टी बोलून दाखवल्या. लेख काढून टाकावा आणि गप्प बसावं. किंवा ती सात वाक्यं बदलून लेख तसाच ठेवावा. किंवा पत्राला उत्तर द्यावं की पाककृती कुणाच्या मालकीच्या नसतात, सगळे एकमेकांचं पाहूनच शिकतात.

तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण त्यात तथ्य आहे. साहित्याची यादी आणि करण्याची रीत यांवर बहुतेक ठिकाणी स्वामित्वहक्क लागत नाही. बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक ट्रिप्स करारातल्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की संरक्षण अभिव्यक्तीला मिळतं. कल्पना, प्रक्रिया आणि कार्यपद्धती यांना मिळत नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दह्याच्या पाककृतींच्या पुस्तकाबाबत असाच निकाल दिला होता: घटकांची यादी आणि निव्वळ सूचना यांवर हक्क सांगता येत नाही. म्हणजे टोमॅटो किती वेळ आटवायचे, ही माहिती कोणाच्या बापाची नाही. पण ते सांगताना कोणी घडवलेली वाक्यं, उपमा, आठवणी, फोटो ही त्या व्यक्तीची निर्मिती असते. सात सलग वाक्यं उचलली की मामला रीतीपुरता राहत नाही.

आणि कायद्याने जे चालतं ते प्रामाणिक असतंच असं नाही. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन यांचं पाककृतींचं पुस्तक १८४५ मध्ये आलं. साहित्य आणि लागणारा वेळ वेगळा काढून देण्याची आज सगळीकडे दिसणारी सवय रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दहा वर्षांनी, १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांना तक्रार करावी लागली की समकालीन लेखकांनी पुस्तकातले मोठाले भाग नावही न घेता उचलले. म्हणून त्यांनी स्वतःच्या कृतींवर तशी खूणच घातली. ‘सगळे असंच करतात’ हे तेव्हाही खरं होतं आणि ज्यांचं उचललं जातं त्यांना ते तेव्हाही लागत होतं.

वाक्यं गुपचूप बदलण्याचा पर्याय मला सगळ्यात वाईट वाटला, आणि अजूनही वाटतो. लेख काढून टाकला तर निदान काहीतरी घडलं हे कळतं. गुपचूप बदल केला की पत्र लिहिणारा वाचक वेडा ठरतो: त्याने दाखवलेली वाक्यं आता तिथे नसतातच.

आधी खरं काय ते शोधायचं आणि मगच लिहायचं, असं ठरलं.

आत्याचा फोन

मंगळवारी तिने आत्याला फोन केला. नंतर तो संवाद तिने मला जवळजवळ शब्दशः सांगितला.

‘आत्या, ती टोमॅटोच्या प्युरीची कृती तुझी ना?’

‘माझी कसली? पुस्तकातून उतरवून घेतली होती. पुस्तक मैत्रिणीचं, परत करायचं होतं, म्हणून रात्री बसून लिहून काढली.’

‘मग तू मला कधी बोलली नाहीस?’

‘तू विचारलंस कुठे?’

त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. आत्याने ती कृती आयुष्यात दोनदाच केली होती, आणि दोन्ही वेळा प्युरी आठवड्याभरात संपली होती. वर्षभर टिकण्याचं वाक्य पुस्तकातलं होतं. तीन पिढ्यांचं वाक्य कुठलंच नव्हतं. लेखिकेने ते लिहिण्याच्या ओघात लिहिलं होतं.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण अशा वह्या घरोघरी असतात. हाताने लिहिलेलं पान पाहिलं की ते घरचंच आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे मासिकातलं कात्रण असतं, डब्याच्या मागची कृती असते, शेजारणीने सांगितलेलं असतं, आणि मध्येच दोन खरोखर घरच्या कृती असतात. उतरवून घेणाऱ्या बाईला ती वही कधी छापायची नव्हती. तिने मूळ नाव लिहिलं नाही हा तिचा दोष नाही. वही जेव्हा जगासमोर मांडली जाते तेव्हा हे विचारण्याची जबाबदारी मांडणाऱ्यावर येते.

तक्ता

बुधवारी लेखिकेने ग्रंथालयातून ते पुस्तक मिळवलं. पूर्ण कृती वाचली. त्यात लिंबाचा रस नव्हताच. मला ते खटकायला हवं होतं. पण बुधवार आणि गुरुवार आम्ही दुसऱ्याच कामात घालवले: दिलगिरी कशी लिहावी, पुस्तकाच्या लेखिकेचा उल्लेख कसा करावा, आत्याचं नाव यावं का. मसुदे झाले, खोडले, पुन्हा झाले.

शुक्रवारी मी एक तक्ता करायला सांगितला. संपादनात मी तो नेहमी वापरते. डावीकडे लेखातलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक माप, प्रत्येक फोटो. उजवीकडे ते कुठून आलं. सोलणं, आटवणं: पुस्तक, आत्याच्या वहीमार्गे. बरणी गरम करून घेणं: पुस्तक. मीठ: स्वतःच्या अंदाजाने. तयार प्युरीचे फोटो: स्वतः काढलेले. झाकण नीट बसल्याची खूण दाखवणारा फोटो: बरण्यांसोबत आलेल्या माहितीपत्रकातला. तिथे आम्ही थबकलो, कारण हा फोटोही दुसऱ्याचा निघाला. तो लगेच काढून टाकला.

अर्धा मोठा चमचा ताज्या लिंबाचा रस. उजवा रकाना रिकामा.

‘कुठेतरी वाचलं होतं,’ ती म्हणाली. फोनमध्ये शोधल्यावर एका तक्त्याचा साठवलेला फोटो सापडला. कोणीतरी केलेला सारांश, त्यावर नाव नाही. त्यातलं माप एक मोठा चमचा होतं. तिने ते निम्मं केलं होतं, कारण पहिल्या खेपेला प्युरी आंबट लागली होती. आणि सारांशात बाटलीतला रस म्हटलं होतं, तिथे तिने ताजा लिहिला होता, कारण ताजा अधिक चांगला असणार.

सारांशावरून मूळ शोधायला मला वीस मिनिटं लागली. ते अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती साठवणीच्या मार्गदर्शकातलं निघालं. त्यात सगळं लिहिलेलं होतं. टोमॅटोची आम्लता काठावरची असते. जात आणि पिकलेपणा यांनुसार त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खालीही असतो आणि वरही जातो. ४.६ ही रेष महत्त्वाची, कारण बोटुलिझमचं, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचं, विष तयार करणारे जिवाणू त्याहून जास्त आम्लात वाढत नाहीत. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या १०० अंश सेल्सिअसला मरत नाहीत, आणि हवाबंद बरणी हे त्यांना हवं तसं घर असतं. म्हणून अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बरणीला एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिली रस, आणि तोही बाटलीतला, कारण त्याची आम्लता ठरावीक असते. ताज्या लिंबाची फळागणिक बदलते. पर्याय म्हणून पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगरही चालतं, पण लिंबाच्या रसाच्या दुप्पट.

आणि पुढे एक ओळ होती: आंबटपणा नको असेल तर साखर घाला.

तिने ज्या कारणासाठी माप निम्मं केलं, त्याचं उत्तर मूळ कागदावर एका ओळीत होतं. मूळ कागद समोर नव्हता म्हणून तिला ते दिसलं नाही. तिने मूळ दिलं नाही म्हणून वाचकालाही दिसलं नसतं. सोमवारच्या त्या दुसऱ्या पत्रातले तिन्ही प्रश्न, व्हिनेगर चालेल का, किती, आणि हे कुठून आलं, यांची उत्तरं त्याच पानावर होती. आम्ही त्या बाईंना ‘चवीप्रमाणे’ म्हटलं होतं.

त्या रात्री काय केलं

पाऊण तासात लेखाच्या अगदी वर एक सूचना गेली. तिचा मजकूर असा होता:

‘या लेखात लिंबाच्या रसाचं प्रमाण चुकीचं आणि अपुरं दिलं होतं. या प्रमाणाने भरलेल्या आणि बाहेर ठेवलेल्या बरण्या खाऊ नका, चव घेऊनही बघू नका, टाकून द्या. बोटुलिझमचं विष दिसत नाही, वासाला येत नाही, चवीला कळत नाही. चूक माझी आहे. सुधारित कृती मूळ स्रोतासह देईपर्यंत ही कृती करू नका.’

खाली तारीख. मूळ लेखातली कृती काढून टाकली, पण लेख नाहीसा केला नाही, कारण ज्यांनी तो आधी वाचला होता ते परत तिथेच येणार होते. ज्या बाईंना सोमवारी उत्तर गेलं होतं त्यांना वेगळं पत्र लिहिलं आणि फोन करायची तयारी दाखवली.

शब्दांवर एकच वाद झाला. तिला ‘काही कारणाने प्रमाणात फरक पडला’ असं लिहायचं होतं. मी ‘चुकीचं’ हा शब्द सोडायला तयार नव्हते. मोघम वाक्य वाचून कोणी बरणी ठेवून दिली असती. ती लगेच मानली.

श्रेय कसं लिहायचं

धोक्याची गोष्ट मार्गी लागल्यावर उरलेलं काम सावकाश केलं.

पहिला पर्याय नेहमीचा: लेखाच्या शेवटी ‘साभार’ आणि पुस्तकाचं नाव. तो आम्ही नाकारला. ‘साभार’ने कोणाचे तरी आभार मानले जातात, पण काय घेतलं ते कळत नाही. या लेखाच्या बाबतीत तर तो शब्द दिशाभूल करणारा ठरला असता: वाचकाला वाटलं असतं की लिंबाचं प्रमाणही पुस्तकातलं आहे, आणि पुस्तकाच्या लेखिकेच्या माथी आमची चूक बसली असती. अर्धवट श्रेयाचं हे नुकसान फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

तीन बदल केले की कृती आपली होते, असा एक समजही ऐकू येतो. तिनेही तो ऐकला होता. याला कुठल्या कायद्याचा आधार नाही. मीठ, मिरी आणि भांडं बदललं म्हणून कल्पना आपली होत नाही. उलट कधी कधी एकच बदल, जसं लिंबाचं माप निम्मं करणं, सगळी कृतीच बदलून टाकतो. मोजायचं असेल तर बदलाचा परिणाम मोजावा.

शेवटी कृतीच्या आधीच, ठळक नाही पण चुकणार नाही अशा जागी, चार ओळी आल्या. टोमॅटो सोलण्याची आणि आटवण्याची रीत अमुक लेखिकेच्या अमुक पुस्तकातली, अमुक वर्षाची आवृत्ती. मला ती आत्याच्या वहीतून मिळाली. आम्लाचं प्रमाण आणि बरण्या उकळण्याची वेळ कृषी खात्याच्या मार्गदर्शकातली, न बदलता. मिठाचं प्रमाण माझं. ही कृती मी स्वतः चार वेळा केली आहे. एका वर्षाची बरणी माझ्याकडे अजून झालेली नाही.

शेवटच्या वाक्यावर मी तिचं मनापासून कौतुक केलं. पाककृती लिहिणाऱ्याने किती वेळा करून पाहिलं हे सांगणं मला स्रोताइतकंच आवश्यक वाटतं. ‘वर्षभर टिकते’ हे वाक्य पुस्तकातून वहीत, वहीतून लेखात आलं, आणि त्या वाटेवर कोणीच वर्षभर थांबून पाहिलं नव्हतं.

सात वाक्यांचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. पुस्तकाच्या लेखिका हयात नाहीत, प्रकाशन संस्था बंद झालेली. पण त्याने हक्क संपत नाही. स्वामित्वहक्काबाबतच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे आणि अनेक देशांत ती त्याहून मोठी आहे. आम्ही वाक्यं काढली आणि रीत मैत्रिणीच्या अनुभवातून नव्याने लिहिली. ती उपमा मात्र इतकी नेमकी होती की ती सोडवेना. ती अवतरणचिन्हांत, पुस्तकाच्या लेखिकेच्या नावासह ठेवली. वाजवी प्रमाणात उद्धृत करायला बर्न करार मुभा देतो, आणि देताना स्रोत व लेखकाचं नाव द्यायला सांगतो.

पहिलं पत्र लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर गेलं, आणि त्यांचं नाव लेखात घ्यायला त्यांची परवानगी मागितली. त्यांनी नको म्हटलं. ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ एवढंच लिहिलं.

आत्याचं नाव

इथे मी चुकले असते. मला वाटत होतं की आत्याने पुस्तकातून उतरवलं हे लेखात सविस्तर यावं. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे. लेखिकेने आधी आत्याला विचारलं. आत्या दुखावली होती. इतकी वर्षं तिच्या नावाने लेख येत होते, ओळखीचे लोक कौतुक करत होते, आणि आता तिने चोरी केली असं लोकांना वाटेल अशी तिला भीती होती. दोन आठवडे ती नीट बोलली नाही.

‘वहीतून मिळाली’ एवढं ठेवायला तिने परवानगी दिली. नातं आणि नाव नको म्हणाली. मालिकेचं नावही मग बदललं. वाचकाला स्रोत कळायला हवा हे खरं, पण त्यासाठी घरातल्या माणसाला न विचारता उघडं करण्याचा हक्क आपल्याला नसतो. आधीच्या लेखांत आत्याची इतकी वर्णनं करताना तिला कधी विचारलं होतं का, हे मी लेखिकेला विचारलं. नव्हतं.

बरण्या

तक्त्यामुळेच हा विषयही पुढे आला. बरण्या विकत घेतलेल्या नव्हत्या. बनवणाऱ्या कंपनीने बारा बरण्यांचा संच भेट पाठवला होता. काही लिहा असं त्यांनी म्हटलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. तिला त्या खरोखर आवडल्या होत्या. त्यामुळे यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

नियम असं पाहत नाहीत. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००९ मध्येच आपली मार्गदर्शक तत्त्वं वैयक्तिक पातळीवर लिहिणाऱ्यांपर्यंत नेली: फुकट मिळालेली वस्तू हाही संबंध आहे आणि तो उघड करायचा. भारतातही २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे संबंध जाहीर करण्याचं बंधन घातलं. पण नियम नसता तरी मी तेच म्हटलं असतं. तिचं मत प्रामाणिक होतं याबद्दल मला शंका नाही. ते किती वजनाचं मानायचं हे ठरवायला वाचकाला ती वस्तू कशी आली हे माहीत हवं.

‘कंपनीकडून सप्रेम भेट’ असं शेवटी लिहावं असं तिने सुचवलं. आम्ही लिहिलं: ‘या बरण्या कंपनीने मला फुकट पाठवल्या. लेखासाठी पैसे घेतलेले नाहीत. कंपनीने लेख आधी वाचलेला नाही.’ आणि हे बरण्यांच्या कौतुकाच्या आधी, त्याच परिच्छेदात. तळाशी लिहिलेली गोष्ट तिथपर्यंत पोचणाऱ्यालाच कळते.

परिणाम

सहा बरण्या भरलेल्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी बरण्या टाकून दिल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, पण दोन दिवसांची मेहनत गेली असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते वाचून लेखिका रडली. कोणी आजारी पडल्याचं कळलं नाही. ज्यांनी लेख वाचून बरण्या भरल्या आणि सूचना पाहिलीच नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता.

काही वाचकांनी मालिका बदलल्याबद्दल नाराजी कळवली. घरगुती गोष्टींचा ओलावा गेला असं त्यांचं म्हणणं. कंपनीने पुढचा संच पाठवला नाही. पुस्तक शोधणाऱ्या वाचकांची पत्रं मात्र येत राहिली, आणि विस्मरणात गेलेल्या त्या लेखिकेचं नाव पुन्हा काही लोकांच्या तोंडी आलं. मला या सगळ्यात याचा सगळ्यात जास्त आनंद झाला.

वेगळं काय करता आलं असतं

चार दिवस. सोमवारी पत्र आलं आणि शुक्रवारी रात्री सूचना गेली. मधले चार दिवस चुकीचं माप तसंच होतं आणि आम्ही दिलगिरीची वाक्यं तपासत होतो. स्रोताचा प्रश्न आम्ही नावाचा आणि मानाचा प्रश्न म्हणून हाताळला. संपादक म्हणून दुसरं पत्र मी सोमवारीच मागून घ्यायला हवं होतं. तिने ते मला दाखवलं नाही कारण मी विचारलं नाही. बुधवारी पुस्तकात लिंबू नाही हे दिसलं तेव्हा तरी थांबायला हवं होतं.

आता असं पत्र आलं तर मी पहिल्या तासात एकच गोष्ट करेन: कोणाला अपाय होऊ शकेल असं माप, तापमान किंवा टिकण्याचा काळ त्या मजकुरात आहे का ते पाहीन, आणि असेल व त्याचा स्रोत हाताशी नसेल तर तो भाग लगेच काढून ‘तपासत आहोत’ असं लिहीन. श्रेयाचे शब्द नंतर जुळवता येतात.

तक्ताही लेख प्रसिद्ध होण्याआधी व्हायला हवा होता. त्याला अर्धा तास लागतो. रिकामा रकाना तेव्हाच दिसला असता.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. तिने नंतर जुन्या सगळ्या लेखांचे तक्ते केले. वहीतल्या चौदा कृती तिने प्रसिद्ध केल्या होत्या. त्यातल्या पाचांचं मूळ आत्याला आठवलं, तीन खरोखर आत्याच्या निघाल्या, सहांचं काहीच कळेना. माझं म्हणणं होतं की त्या सहा तूर्त मागे घ्याव्यात. ती म्हणाली की त्यात टिकवण्याचा किंवा धोक्याचा भाग नाही, लोक त्या करत आहेत, आणि मूळ सांगणारा कोणी भेटायचा असेल तर त्या समोर असायला हव्यात. तिने त्या ठेवल्या, वर एक ओळ लिहून: ही कृती एका वहीतून मिळाली आहे, ती मूळ कुणाची हे मला माहीत नाही, माहीत असेल तर कृपया कळवा. आतापर्यंत दोन कृतींबद्दल पत्रं आली आहेत. दोन्ही वेळा तिने आधी मूळ पान मागवून वाचलं, आणि मग ती ओळ बदलली.